एका डेव्हनपोर्टची तपासणी: शिक्का खरा, खण परका

पार्श्वभूमी

हे प्रकरण उत्तर इंग्लंडमधल्या एका मराठी दांपत्याचं आहे. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. इथे त्यांना काका-काकू म्हणतो, कारण आमच्या ओळखीतले सगळे त्यांना तसंच म्हणतात. दोघंही निवृत्त, मुलगी लीड्सला स्थायिक, आणि पुण्याला कायमचं परतायचं ठरलेलं.

संसाराच्या सुरुवातीला नवं फर्निचर परवडत नव्हतं म्हणून त्यांनी लिलावातून जुनं घ्यायला सुरुवात केली आणि पुढे त्याचा नाद लागला. घरात व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या (1837 ते 1901) मोजक्याच, पण निवडून घेतलेल्या वस्तू होत्या: महोगनीच्या, फुग्यासारख्या गोल पाठीच्या चार बलून-बॅक खुर्च्या, फळ्या पाडल्या की वीतभर रुंदीचं होणारं अक्रोडाचं सदरलंड टेबल, आणि काकांचा जीव की प्राण असलेलं डेव्हनपोर्ट.

डेव्हनपोर्ट म्हणजे पत्रं लिहायचं छोटं मेज. वर उतरतं झाकण, त्याखाली कागद ठेवायचा कप्पा, पुढच्या बाजूला दोन कोरीव आधार, आणि खण समोर नाहीत तर बाजूला. उजवीकडे चार खरे खण आणि डावीकडे हुबेहूब तसेच दिसणारे चार खोटे. लँकेस्टरच्या गिलो कंपनीच्या अठराव्या शतकाच्या अखेरच्या हिशेबवह्यांत कोणा कॅप्टन डेव्हनपोर्टसाठी केलेल्या डेस्कची नोंद आहे, त्यावरून हे नाव पडलं असं मानतात. 1850 नंतरच्या तीस-चाळीस वर्षांत तर मध्यमवर्गीय इंग्रज घरांत या मेजाला चांगलीच मागणी होती.

काकांनी ते 1990 च्या दशकात एका दुकानदाराकडून घेतलं. पावतीवर लिहिलं होतं: ‘व्हिक्टोरियन, रोझवूड, गिलोज ऑफ लँकेस्टर, सुमारे 1840’. विम्याचं मूल्यांकन त्याच पावतीवरून झालं, पुढचं त्या मूल्यांकनावरून, आणि मूळ वस्तू उलटी करून कोणी कधी पाहिलीच नाही.

अडचण

सामान पुण्याला पोहोचवणाऱ्या कंपनीने यादीचा अर्ज पाठवला. त्यात दोन रकाने होते: लाकडाची जात कोणती, आणि वस्तूत प्राणिजन्य भाग आहे का. काकूंनी पावती पाहून ‘रोझवूड’ लिहिलं. दुसऱ्या रकान्यापाशी त्या थांबल्या, कारण किल्लीच्या भोकांभोवती ढालीच्या आकाराच्या फिकट पांढऱ्या चकत्या होत्या. ‘अहो, हे हस्तिदंत तर नव्हे?’

त्याच आठवड्यात एका व्यापाऱ्याने डेव्हनपोर्टला 600 पौंड देऊ केले. ‘गिलोज असेल तरच’ अशी अट होती. विम्याच्या कागदावर आकडा होता 2,200. हा फरक पाहून काका हादरले, पण त्यात व्यापाऱ्याची लबाडी नव्हती. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत गडद लाकडाच्या जुन्या फर्निचरचा भाव इंग्लंडमध्ये पार कोसळला आहे. घरं लहान झाली, आवड बदलली.

म्हणजे प्रश्न तीन होते. मेज गिलोजचं आहे का? लाकूड नेमकं कोणतं? पांढऱ्या चकत्या कशाच्या? पहिल्यावर किंमत ठरणार होती, उरलेल्या दोनांवर ते देशाबाहेर जाऊ शकतं की नाही हे. मला बोलावलं ते या टप्प्यावर.

पाहणी

जुन्या फर्निचरची दर्शनी बाजू सगळ्यात शेवटी पाहावी, कारण पुढच्या पिढ्यांनी तिच्यावरच हात फिरवलेला असतो. मेज रिकामं केलं, दिवसाउजेडी खिडकीपाशी आणलं आणि चारही खण काढून चादरीवर ओळीने मांडले.

गिलोजच्या नावाचा शिक्का वरच्या खणाच्या पुढच्या फळीच्या वरच्या कडेवर होता. अक्षरांच्या कडा झिजून गोलसर झालेल्या, खोलगट भागात जुनं मेण आणि मळ. ताज्या ठोकलेल्या शिक्क्याच्या कडा धारदार असतात आणि आतलं लाकूड स्वच्छ दिसतं. तसं इथे काहीच नव्हतं. गिलोजचे कारागीर याच जागी शिक्का मारत. काकांचा चेहरा खुलला.

मग बाकीचे तीन खण पाहिले. त्यांच्या बाजूच्या फळ्या ॲश नावाच्या झाडाच्या, फिकट आणि ठळक रेषांच्या. शिक्क्याच्या खणाच्या बाजू मात्र महोगनीच्या. पुढचे डव्हटेल सांधे, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारखे एकमेकांत अडकणारे सांधे, दोन्हीकडे हातानेच केलेले, पण शिक्क्याच्या खणातले अरुंद आणि नाजूक, बाकीच्यांतले जाडसर. तिघांच्या मागच्या फळीवर शिसपेन्सिलीने 2, 3, 4 असे आकडे होते. शिक्क्याच्या खणावर आकडा नव्हता. तो उलटा केला तेव्हा उरलीसुरली शंका मिटली: मागचे सांधे नव्याने कापलेले, तिथलं लाकूड फिकट, आणि तळाची फळी मागच्या कडेला करवतीने कापून आखूड केलेली. दुसऱ्या, जास्त खोल फर्निचरमधला खण कापून इथे बसवला होता. मूळचा 1 नंबरचा खण कधीच गेला.

‘म्हणजे शिक्का खोटा?’ काकांनी विचारलं.

‘शिक्का खरा आहे काका. खण परका आहे.’

खण कोणी आणि का बदलला हे सांगता येत नाही. मूळ खण तुटला असेल आणि एखाद्या सुताराने हाताशी होता तो बसवला असेल. किंवा शिक्क्यासाठीच बसवला असेल. लाकडावरून हेतू कळत नाही, आणि अशा वेळी उगाच कोणावर बोट ठेवू नये असं माझं मत आहे.

पुढे कुलुपं. बाजूच्या खणांच्या कुलुपांवर मुकुट आणि ‘व्ही. आर. पेटंट’ ही अक्षरं होती (व्ही. आर. म्हणजे राणी व्हिक्टोरिया). ती दिसली की लोकांना वाटतं वस्तू राजवाड्यातून आली. तसं काही नाही. त्या काळच्या साध्या कुलुपांवरही हा छाप सर्रास असे. उतरत्या झाकणाचं कुलूप मात्र कामाचं निघालं. त्यावर ‘हॉब्ज अँड कंपनी, लंडन’ असं नाव होतं. आल्फ्रेड हॉब्ज हा अमेरिकन कुलूपतज्ज्ञ 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी आला, चब आणि ब्रामा या दोन नामांकित कंपन्यांची ‘न उघडणारी’ कुलुपं त्याने उघडून दाखवली, आणि मग लंडनमध्ये स्वतःचा धंदा मांडला. म्हणजे हे कुलूप 1851 च्या आधीचं असूच शकत नाही. कुलपाभोवती जुन्या स्क्रूंची बुजवलेली भोकं नव्हती, खाच मापात होती, किल्लीचं भोक मोठं केलेलं नव्हतं. कुलूप पहिल्यापासूनचं होतं आणि पावतीवरचं 1840 तिथेच बाद झालं.

दुसरी मर्यादा बिजागरीच्या स्क्रूंनी दिली. एक काढून पाहिला: टोक बोथट, डोक्यावरची खाच मध्यभागापासून जराशी सरकलेली. टोकदार स्क्रू यंत्रावर मोठ्या प्रमाणात निघू लागले ते 1854 मध्ये बर्मिंगहॅमच्या नेटलफोल्ड आणि चेंबरलेन यांनी अमेरिकन पेटंटवर कारखाना काढल्यावर. जुना माल सुतारांच्या डब्यांत आणखी काही वर्षं राहिला असणार. कुलूप आणि स्क्रू मिळून सांगाडा 1850 च्या दशकातला ठरतो. इतकी आवळलेली तारीख क्वचितच हाती लागते.

कोरीव आधारांनी वेगळीच गोष्ट सांगितली. मेज आडवं करून तळ पाहिला तर आधारांच्या मागे गोल, बुजवलेली भोकं दिसली. तिथे आधी दुसरे, बहुधा साधे खांब होते. आताचे आधार टोकदार स्क्रूंनी बसवलेले, आणि एका ठिकाणी चक्क फुलीच्या खाचेचा स्क्रू. हे स्क्रू 1930 च्या दशकात आले, म्हणजे निदान एक आधार त्यानंतर कधीतरी काढून पुन्हा लावला होता. आधाराच्या आतल्या बाजूला नखाने थोडं खरवडलं तर काळपट रंगाखाली फिकट लाकूड आणि त्यावर बारीक आखूड ठिपक्यांसारख्या रेषा. हे बीच नावाच्या झाडाचं लाकूड. रोझवूडच्या काळ्या रेषा ब्रशने रंगवल्या होत्या. व्हिक्टोरियन कारखान्यांत, विशेषतः खुर्च्यांवर, हे नेहमी करत, त्यामुळे एवढ्यावरून आधार नकली ठरत नाहीत. फक्त ते या मेजाचे नाहीत.

सांगाड्यावरचं व्हिनिअर मात्र खरं रोझवूड. आत पाइनच्या फळ्या आणि वर सरसाने चिकटवलेला पातळ पापुद्रा. काका त्याला नेहमी ‘आपलं शिसवी’ म्हणायचे, आणि नातं खरंच जवळचं आहे. आपला शिसम आणि ब्राझीलचा रोझवूड डाल्बर्जिया या एकाच वंशातले. मुंबईत मेडोज स्ट्रीटच्या कारागिरांनी त्याच काळात कोरीव शिसवी फर्निचर साहेबांना आणि पारशी घरांना विकलं. पण 1850 च्या सुमाराला इंग्लंडमध्ये येणारं रोझवूड प्रामुख्याने ब्राझीलच्या बंदरांतून येई, आणि कायद्याच्या दृष्टीने या दोन जातींत जमीनअस्मानाचा फरक आहे.

राहिल्या चकत्या. दहापट भिंगाखाली खणांवरच्या चारही चकत्यांमध्ये बारीक तपकिरी ठिपके आणि आखूड रेघा दिसल्या. हाडातल्या रक्तवाहिन्यांच्या या जागा. ही हाडं, बहुधा गुरांची, आणि त्यावर कसलीच बंदी नाही. झाकणावरची पाचवी चकती गुळगुळीत, ठिपके अजिबात नाहीत, एका दिशेने जाणाऱ्या अगदी मंद रेषा. ते हस्तिदंत. हस्तिदंताची एकमेकांना छेदणाऱ्या कमानींची जाळी आडव्या छेदावरच दिसते, आणि एवढ्या छोट्या उभ्या तुकड्यावर ती शोधत बसण्यात अर्थ नसतो.

मी येण्याआधी काकांनी एका चकतीवर तापलेल्या सुईचा प्रयोग केला होता. हाड आणि हस्तिदंत दोन्ही सुईला दाद देत नाहीत. त्या प्रयोगाने फक्त प्लास्टिक वेगळं काढता येतं. तिसऱ्या खणाच्या चकतीवर आता काळा ठिपका आहे, आणि काकू तो प्रत्येक पाहुण्याला दाखवतात.

पर्याय

पहिला पर्याय व्यापाऱ्याला विकायचा. युनायटेड किंगडमचा 2018 चा हस्तिदंत कायदा 6 जून 2022 पासून लागू आहे. त्यानुसार हस्तिदंत असलेली वस्तू विकता येत नाही. अपवाद थोडे. त्यातला एक इथे बसत होता: वस्तू 1947 च्या आधीची, हस्तिदंत आकारमानाने 10 टक्क्यांपेक्षा कमी आणि वस्तूचाच अविभाज्य भाग. पण त्यासाठी विक्रीआधी सरकारी नोंदणी लागते. प्रकरण घडलं तेव्हा शुल्क 20 पौंड होतं, म्हणजे अडथळा पैशाचा नव्हता. अडथळा होता तो व्यापाऱ्याचा. परक्या खणाची गोष्ट त्याला सांगितल्यावर तो म्हणाला, खण जागेवर आहे, शिक्का खरा आहे, बाकी कोण विचारतंय? काकांना हे पटलं नाही. पावतीवरच्या ज्या ओळीने आपली इतकी वर्षं दिशाभूल केली तीच ओळ पुढच्या माणसाला द्यायची त्यांची तयारी नव्हती.

दुसरा पर्याय पुण्याला न्यायचा, आणि काकांचा कल उघडच तिकडे होता. सायटिस हा वन्य प्राणी आणि वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार. ब्राझिलियन रोझवूड 1992 पासून त्याच्या परिशिष्ट एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक यादीत आहे. वस्तू त्याआधीची असल्याचा पुरावा देऊन प्रमाणपत्र काढल्याशिवाय ती सीमा ओलांडू शकत नाही. हस्तिदंताचं प्रमाणपत्र वेगळं. शिवाय भारतात हस्तिदंताबद्दलचा कायदा कडक आहे. देशी हस्तिदंताच्या व्यापारावर 1986 मध्ये आणि आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताच्या व्यापारावर 1991 मध्ये बंदी आली. हे घरगुती सामान होतं, व्यापार नव्हे, तरी मुंबईच्या बंदरात एका चकतीपायी सगळा कंटेनर अडकण्याची भीती काकूंना वाटत होती, आणि ती अवाजवी नव्हती.

तिसरा पर्याय दुरुस्ती करणाऱ्याने सुचवला: हस्तिदंताची चकती काढून हाडाची बसवायची. काम तासाभराचं. काका लगेच तयार झाले. मी विरोध केला. चकती गेली तरी रोझवूडची अट तशीच राहत होती, आणि त्यासाठी या मेजाच्या मोजक्या अस्सल भागांपैकी एक उपटायचा होता. खण परका, आधार परके. तीन खण, चकत्या, कुलुपं आणि सांगाडा एवढंच तर मूळचं उरलं होतं.

लाकडाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचाही विचार झाला. ते ब्राझिलियन नसून डाल्बर्जियाची दुसरी जात निघाली असती तर परिशिष्ट दोन, म्हणजे कमी कडक यादी, लागू झालं असतं, आणि त्यात तयार वस्तूंमध्ये त्या जातीचं लाकूड 10 किलोपर्यंत असेल तर सूट आहे. व्हिनिअर पातळ असल्याने वजन त्यात सहज बसलं असतं. पण नमुना म्हणजे तुकडा कापणं, आणि 1850 च्या दशकातल्या इंग्लिश मेजावरचं रोझवूड ब्राझिलियन नसण्याची शक्यता थोडी. त्या थोड्या शक्यतेसाठी व्हिनिअरला पटाशी लावायला मी तयार नव्हतो.

चौथा पर्याय काकूंनी मांडला, तोही चहा गाळता गाळता. ‘पोरीला देऊन टाका की.’ हस्तिदंत कायदा विक्री, खरेदी आणि भाड्याने देण्याला आडवा येतो. जवळ बाळगायला, भेट द्यायला किंवा वारसाने द्यायला नाही. मेज देशातच राहिलं तर सायटिसचा प्रश्नही उरत नाही.

काय केलं

डेव्हनपोर्ट मुलीला द्यायचं ठरलं. काकांना दोन दिवस जड गेले. नेण्यापूर्वी प्रत्येक खणाचा, तळाचा, कुलुपाचा आणि स्क्रूंचा फोटो काढला. एका कागदावर कोणता भाग मूळचा, कोणता नंतरचा आणि कशावरून, हे लिहून तो 2 नंबरच्या खणाखाली पाकिटात ठेवला. 1 नंबरच्या जागी बसवलेला परका खण काढला नाही. तो आता या मेजाच्या इतिहासाचाच भाग आहे, आणि गिलोजच्या कामाचा अस्सल नमुना म्हणून त्याला स्वतःची किंमत आहेच. लँकेस्टरच्या जजेस लॉजिंग्ज संग्रहालयात गिलोजचं फर्निचर आहे. तिथले सांधे पाहून आलं की या खणाचा दर्जा डोळ्यांत भरतो.

खुर्च्या आणि सदरलंड टेबल पुण्याला गेलं. अक्रोडावर निर्बंध नाहीत. महोगनी सायटिसच्या यादीत आहे, पण ती ओंडके, कापीव लाकूड आणि व्हिनिअरच्या तावांसाठी. तयार खुर्च्या त्यात येत नाहीत. यादीत ‘रोझवूड’ हा शब्द राहिला नाही आणि कंपनीने पुढे काही विचारलं नाही.

निष्पत्ती

विम्याचं नवं मूल्यांकन 350 पौंडांवर आलं. काका अजूनही तो आकडा मोठ्याने उच्चारत नाहीत. मुलीच्या घरी मेज रोजच्या वापरात आहे, फक्त रेडिएटरपासून लांब ठेवलंय. हीटिंगच्या कोरड्या हवेने बाजूच्या फळीला एक उभी चीर आधीच गेलेली होती.

पुण्यात टेबलाला पहिल्या उन्हाळ्यात त्रास झाला. एप्रिलच्या कोरड्या हवेत एका कोपऱ्यातलं व्हिनिअर सुटलं. सुतार फेविकॉलची बाटली घेऊनच आला होता. काकूंनी फोन करून विचारलं, मी सरस वापरायला सांगितलं. सरस गरम पाण्याने पुन्हा सुटतो, त्यामुळे पुढच्या दुरुस्तीची वाट मोकळी राहते. सुतार म्हाताऱ्या पिढीतला होता, त्याला सरस शिजवायचा कसा हे सांगावं लागलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी संधी खरेदीच्या दिवशीच हुकली. पावतीवर ‘गिलोज’ एवढंच न लिहून घेता ‘वरच्या खणावर गिलोजचा शिक्का’ असं लिहून घेतलं असतं, तर बाकीचे खण पाहायचं तेव्हाच कोणालातरी सुचलं असतं. विमा मूल्यांकनकाराने पावतीवर विसंबून राहणं मला जास्त खटकतं, कारण त्याचे पैसे वस्तू पाहण्यासाठी असतात.

दुसरं, परतायचं आहे हे काका-काकूंना बरंच आधी माहीत होतं. जून 2022 च्या आत तपासणी झाली असती तर विक्रीचा पर्याय नोंदणीशिवाय खुला होता. हे मात्र मागे वळून पाहताना सोपं वाटतं. घरातल्या मेजावरच्या नखाएवढ्या चकतीसाठी कायदा बदलतोय याकडे किती जणांचं लक्ष असतं?

गिलोजच्या कामाच्या आरेखनांच्या आणि हिशेबाच्या वह्या लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर सिटी आर्काइव्हजमध्ये आहेत. तिथे शोध घेऊन तो खण कोणत्या प्रकारच्या फर्निचरचा असावा हे पाहता आलं असतं. आमच्या निर्णयावर त्याचा परिणाम होणार नव्हता म्हणून ते सोडून दिलं. मुलीला हौस वाटली तर ती पाहील.

कोरीव आधारांबद्दल घरात अजून एकमत नाही. मुलीला ते भडक वाटतात आणि साधे खांब करून घ्यायचे आहेत. काकांना मेजात तेच सगळ्यात जास्त आवडतात. तळाच्या मूळ, बुजवलेल्या भोकांच्या जागा शाबूत आहेत, त्यांचं अंतर आणि व्यास कागदावर नोंदवला आहे, त्यामुळे खांब कधीही करता येतील. केलेच तर आताचे आधार फेकायचे नाहीत आणि नव्या खांबांवर तारीख टाकायची, एवढं तिने कबूल केलं आहे.